संकल्पाला देशकाल हवा

पूजेला बसलेला यजमान हातात उदक घेऊन संकल्प सोडतो, तेव्हा भटजी त्याच्याकडून काय वदवून घेतात ते एकदा लक्षपूर्वक ऐकावे. कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर. कोणते संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. करणारा कोण, त्याचे गोत्र कोणते. एवढे सारे उच्चारल्यावर कुठे शेवटी ‘करिष्ये’ येते. स्थळ, काळ आणि कर्ता निश्चित झाल्यावाचून क्रियापद उच्चारायचे नाही, अशी ही शिस्त आहे. 1 जानेवारीला आपण जे संकल्प सोडतो त्यांत मात्र क्रियापदच तेवढे असते. ‘यंदा चालायला जाणार’, ‘यंदा गोड सोडणार’. कुठे, केव्हा, कशाच्या पाठोपाठ, हे मोघमच राहते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत बूट कपाटात जातात आणि दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला दिला जातो.

हा विषय गोव्याला थट्टेवारी नेता येण्यासारखा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वीस वर्षांवरील व्यक्तींमध्ये मधुमेहाचे देशातील प्रमाण 11.4 टक्के होते. गोव्यात ते 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चार प्रौढांमागे एक मधुमेही, असा याचा सरळ अर्थ. औषधांइतकीच येथे रोजच्या चालण्याची, जेवणाची आणि झोपेची गरज असते, आणि त्या गोष्टी एका उत्साहाच्या सकाळीने साधत नाहीत.

मानसशास्त्राने या प्रश्नाचा जो शोध घेतला, तो पूजेतल्या देशकालाच्या बराच जवळ जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये मांडले की, नुसते ध्येय ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे ठरवणे अधिक फलदायी ठरते. 2002 मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट पाडण्यात आले. व्यायामाचे फायदे पटवून दिलेल्या गटात आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करणारे 35 टक्के निघाले. काहीच न सांगितलेल्यांपेक्षा ते अधिक नव्हते. ज्यांच्याकडून मात्र वार, वेळ आणि ठिकाण लिहून घेतले होते, त्यांच्यात हे प्रमाण 91 टक्क्यांवर गेले. उपदेशाने मन वळते, पाय वळत नाहीत, हे आपल्या आरोग्यविषयक व्याख्यानांच्या आयोजकांनी ध्यानात घ्यावे.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा समजही तपासून घ्यावा. तो मूळचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या 1960 मधील पुस्तकातला. बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून एक नवी कृती बारा आठवडे करायला लावली. ती आपोआप घडू लागायला साधारण 66 दिवस लागतात, असे दिसले. माणसामाणसांतला फरक मात्र मोठा, 18 पासून 254 दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष. पुष्कळांचा संकल्प एका चुकलेल्या दिवशी नव्हे, तर ‘आता मोडलाच आहे’ म्हणून सोडून दिलेल्या दुसऱ्या दिवशी संपतो.

मुरगाव तालुक्यात एक संकल्प सव्वाशे वर्षे टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत साथीने थैमान घातले, तेव्हा गावकरी जांबावलीच्या श्री दामोदराला शरण गेले. तेथून प्रसादाचे श्रीफळ वास्कोत आणून त्यांनी अखंड भजन आरंभले, अशी परंपरा सांगितली जाते. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा वास्कोचा सप्ताह तो हाच. दामोदराने काय केले हा श्रद्धेचा भाग. पण हा नवस इतकी वर्षे कसा चालला, याचा विचार कोणालाही करता येईल. दिवस तिथीनेच ठरलेला, त्यामुळे ‘यंदा केव्हा’ हा प्रश्न नाही. स्थळ ठरलेले. चोवीस तासांचे अखंड भजन कोणा एकाच्या गळ्यावर अवलंबून नाही. पथके आळीपाळीने बसतात, निरनिराळ्या समाजांचे पार येतात. प्रत्येकाच्या वाट्याला पेलवेल एवढेच येते, आणि आपली पाळी चुकवली तर ते चारचौघांना दिसते. कोविडच्या काळात फेरी आणि गर्दी वगळून सप्ताह मर्यादित रूपात झाला. मोठा जमला नाही म्हणून रद्द केला नाही. अर्थात वर्षातून एकदा येणारा उत्सव आणि रोजचे चालणे यांत अंतर आहे. सप्ताहाची आठवण पंचांग करून देते, चालण्याची कोण देणार?

तिथे रोजच्या जगण्यातलीच एखादी खूण लागते, आणि गोव्यात तिची वाण नाही. पोदेराचा भोंगा वाड्यावर सकाळ-संध्याकाळ वाजतो. ‘सकाळचा भोंगा वाजला की चपला घालायच्या, वाड्याला एक फेरी मारायची आणि परतताना पाव घ्यायचे’ हा संकल्प ‘रोज व्यायाम करीन’ यापेक्षा कितीतरी बळकट आहे. आरंभी फेरी दहा मिनिटांची असली तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तिथवर पायरी-पायरीने जाता येते. (घेतलेल्या पावांची संख्या हा वेगळा संकल्प होय, दोन्ही एकाच दिवशी सोडू नयेत.) मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांनी व्यायामाची वेळ आणि जेवणातला बदल डॉक्टरांना विचारूनच ठरवावा, कारण साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

पण मुरगावात सर्वांची सकाळ एकच नसते. बंदर, विमानतळ, इस्पितळे येथे पाळ्या चालतात. या आठवड्यात पहाटे कामावर जाणारा पुढच्या आठवड्यात पहाटे घरी परततो. अशांना ‘सकाळी सहा वाजता’ हा संकल्प फसवणारच. त्यांनी घड्याळाऐवजी घटनेला गाठ मारावी: पाळी संपवून येताना बसमधून एक थांबा आधी उतरणे, किंवा डबा संपला की जागेवर बसण्यापूर्वी आवारात एक चक्कर. पाळी बदलली तरी डबा आणि घरी परतणे बदलत नाही.

घरच्यांचे सहकार्यही नुसत्या शुभेच्छांपुरते नसावे. श्रावण पाळणाऱ्या घरांत महिनाभर मासळी वर्ज्य असते, आणि मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही तेही तो महिना काढतात. कारण त्या घरात मासळी येतच नाही. नको म्हणण्याचा प्रसंग रोज ओढवत नाही. याउलट मधुमेही वडिलांनी गोड सोडायचे आणि फ्रिजमध्ये मिठाईचा खोका ठेवायचा, यात त्यांची दिवसातून दहा वेळा परीक्षा होते. श्रावण संपताच मासळी परत येते हे खरे, पण तो नेम मुदतीचाच असतो. मोडला असे कोणी म्हणत नाही.

मुदतीचा विचार इथल्या हवामानानेही करायला लावला आहे. 1 जानेवारीला धरलेल्या चालण्याचे दीडशे दिवस मेच्या अखेरीस भरतात. सवय नुकती रुळलेली असते आणि मान्सून दाराशी येतो. बायणाची वाळू, चिखलीचे रस्ते तेव्हा चालण्याजोगे राहत नाहीत, आणि पावसाळा चार महिन्यांचा. म्हणून पावसातली जागा मे महिन्यातच ठरवून ठेवलेली बरी. कौलारू घराला बलकांव असतो, इमारतीला जिना असतो. भोंगा पावसातही वाजतो. पोदेर सायकलवरच्या टोपलीवर प्लास्टिक घालून येतो.