पूर्वपक्षाची साठ वर्षे

मराठीतील वादलेखनाचा इतिहास सांगताना बहुधा मतांचाच इतिहास सांगितला जातो. कोण सुधारक, कोण सनातनी, कोणी कोणास निरुत्तर केले, याची नोंद होते आणि युक्तिवाद रचला कसा गेला हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः १८४८ ते १९०८ या साठ वर्षांत मतांइतकीच वाद मांडण्याची रीतही पालटली, आणि हा पालट ओळखायचा तर प्रत्येक लेखक प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापुढे कोणत्या रूपात ठेवतो, हे पाहावे लागते.

जुन्या शास्त्रीय परंपरेत यासाठी नेमकी परिभाषा होती. खंडनास हात घालण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून दाखवणे म्हणजे पूर्वपक्ष, आणि त्याचे निरसन करून ठरणारा निर्णय तो सिद्धान्त. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले होते: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा तेवढा पाडला जातो ती वितंडा. या परंपरेची मर्यादा मात्र ठरलेली होती, कारण धर्मव्यवहाराच्या प्रश्नांत अखेरचे प्रमाण शब्दाचे, म्हणजे ग्रंथवचनाचे असे. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेल्या पुनर्विवाहाच्या वादात विष्णुशास्त्री पंडितांचा पक्षही शास्त्रवचनांवरच लढला, आणि हरला.

त्याआधीच, १८४८ पासून, गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिण्यास आरंभ केला होता. शंभराहून अधिक भरलेल्या या ‘शतपत्रां’त पूर्वपक्षाला फारशी जागा नाही, लेखक दोष दाखवतो, खडसावतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. वचनाऐवजी डोळ्यांसमोरची परिस्थितीच पुरावा म्हणून पुढे करण्याचे धारिष्ट या पत्रांत आहे, पण वाचकाच्या मनात उठणाऱ्या शंकेसाठी थांबण्याची सवड त्यांना नाही.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) संवादाचे रूप पत्करले. त्यातील धोंडिबा हा प्रतिपक्षी नव्हे. तो शंका विचारणारा जवळचा माणूस आहे, आणि म्हणून येथे पूर्वपक्ष विरोधकाच्या तोंडून न येता, विरोधकाने ज्याला शिकवून ठेवले आहे अशा श्रोत्याच्या तोंडून येतो. पंडितास जिंकण्यापेक्षा श्रोत्यास मोकळे करणे हा हेतू असल्यावर ही रचना अधिक उपयोगाची ठरते. तिचे मोल समकालीन विद्वानांस कळले नाही, किंवा कळूनही मानवले नाही.

या विद्वानांत अग्रभागी होते विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ पासून निघालेल्या ‘निबंधमाले’च्या ८४ अंकांनी मराठी गद्याला जे बळ दिले ते नाकारता येणार नाही. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनातून आलेली लांब, तोललेली वाक्यरचना, उपरोध, म्हणजे स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा, आणि प्रतिपक्ष्याला हास्यास्पद करून सोडणारा दृष्टान्त ही त्यांची आयुधे होत. परंतु लोकहितवादींवरील आणि फुल्यांवरील त्यांची टीका न्यायशास्त्राच्या कसाला लावली तर ती बरीचशी जल्पाकडे, कोठे कोठे वितंडेकडे झुकलेली दिसते; फुल्यांच्या मुद्द्यापेक्षा त्यांच्या व्याकरणाचाच समाचार तेथे अधिक घेतला जातो. शैली जितकी समर्थ तितका पूर्वपक्ष दुबळा, हा मराठी वादलेखनाला जडलेला दोष येथून रुजला, असे म्हणण्यास जागा आहे.

त्याच दोषावर वेगळ्या दिशेने आघात केला तो ताराबाई शिंदे यांनी. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवरील बालहत्येच्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीची जी निर्भर्त्सना झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या लेखिकेने ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहिली. स्त्रियांवर लादले जाणारे दुर्गुण एकेक घ्यायचे आणि तेच पुरुषांच्या ठायी नाहीत काय, असे विचारायचे, ही तिची पद्धत. म्हणजे पूर्वपक्ष येथे पूर्ण मांडलेला आहे, फक्त त्याचा रोख मांडणाऱ्याकडेच उलटवलेला आहे. (प्रश्नचिन्हासारखी विरामचिन्हे मराठीत रूढ होऊ लागली ती छापखान्याच्या काळात, मेजर कँडींची त्यावरील पुस्तिका १८५० ची. नव्या चिन्हाचा इतका झणझणीत उपयोग त्या काळात विरळाच झाला असेल.)

पूर्वपक्षाला त्याचा मान परत दिला तो गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि त्याच वर्षी वाक्याच्या घटकांची फोड करणारा ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणग्रंथही प्रसिद्ध केला. हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो, कारण वाक्याचे अवयव सुटे करणारी हीच दृष्टी त्यांच्या निबंधांत आक्षेपांचे अवयव सुटे करते. बायकांनी जाकिटे घालावीत असे सुचवणाऱ्या लेखातही थट्टेला वाव असून ते कारणांवर कारणे देत जातात. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर भांडारकरांनी धर्मग्रंथांतील आधार जमवून समर्थन केले आणि टिळकांनी त्याच ग्रंथांचा निराळा अर्थ लावून विधेयकास विरोध केला, तेव्हा आधार कोणाचा बरोबर यापेक्षा मुलीच्या हिताचा विचार बुद्धीने का होऊ नये, हा प्रश्न ‘सुधारका’ने पुढे रेटला. विधेयक संमत झाले आणि संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर गेले. ग्रंथांच्या अर्थाचा वाद मात्र तेथे मिटला नाही.

पुढे सरकारच प्रतिपक्षी झाले आणि रीत पुन्हा बदलली. १८९८ मध्ये निघालेल्या ‘काळ’मध्ये शिवराम महादेव परांजप्यांनी वक्रोक्तीचा आश्रय घेतला: राज्यकर्त्यांचे म्हणणे मान्य केल्यासारखे दाखवून ते इतके ताणायचे की त्याचा फोलपणा आपोआप उघडा पडावा. पूर्वपक्ष हाच येथे मुखवटा झाला. १९०८ मध्ये परांजपे आणि टिळक या दोघांवरही राजद्रोहाचे खटले झाले, आणि टिळकांच्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ या लेखाचा अर्थ सात युरोपीय व दोन पारशी ज्यूरर इंग्रजी भाषांतरावरून ठरवू लागले. स्वतःची बाजू स्वतःच मांडणाऱ्या टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची मराठी शब्दांच्या छटांवरून उलटतपासणी घेतली आणि एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा निर्णय दिला.