रेशन कार्ड एकदा नीट वाचू या

दिवाबत्तीची वेळ झाली आहे, भाकरी तव्यावर असेल. हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत रेशनबद्दल. कुणी त्याला कंट्रोल म्हणतं, कुणी स्वस्त धान्य दुकान म्हणतं, सरकारी कागदावर ते रास्त भाव दुकान असतं. नाव काहीही असो, महिन्याच्या किराण्याची सुरुवात आपल्यापैकी कितीतरी जणी तिथूनच करतात. तरीही आपल्या कार्डावर नेमकं किती धान्य मिळायला हवं, हे विचारलं तर बऱ्याच जणी म्हणतात, "दुकानदार देतो तेवढं घेतो." तेव्हा आधी हा हिशेब समजून घेऊ.

आपल्याकडे तीन रंगांची कार्डं आहेत: पिवळं, केशरी आणि पांढरं. रंग उत्पन्नावरून ठरतो. पण धान्य मिळतं की नाही हे नुसत्या रंगावरून कळत नाही. 2013 साली देशात राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि 1 फेब्रुवारी 2014 पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्यात धान्य घेणाऱ्या कुटुंबांचे दोन गट आहेत. पहिला अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरजू घरं. दुसरा प्राधान्य कुटुंब. वर्षाचं उत्पन्न गावात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपयांच्या आत असेल, तर केशरी कार्डवालं घरही प्राधान्य गटात येऊ शकतं. कार्डावर आतल्या पानावर शिक्का असतो, तो वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या.

आता धान्य किती ते पाहू. अंत्योदय कार्डावर महिन्याला एका घराला 35 किलो. घरात दोन माणसं असोत की सहा, आकडा 35 च. प्राधान्य गटात मात्र माणशी 5 किलो. समजा घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि एक मूल अशी पाच माणसं आहेत, तर 25 किलो. गहू किती आणि तांदूळ किती, हे प्रमाण जिल्ह्याप्रमाणे आणि कधी कधी महिन्याप्रमाणे बदलतं. एकूण किलो मात्र बदलत नाहीत. पूर्वी या धान्याला तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो असा भाव होता. जानेवारी 2023 पासून दोन्ही गटांना हे धान्य फुकट आहे. त्यासाठी दुकानात एक रुपयाही द्यायचा नाही. हमाली म्हणून नाही, पोत्याचे म्हणून नाही, "वरून गाडीभाडं लागतं" म्हणूनही नाही.

या फुकट धान्याची किंमत किती, तेही मोजू. बाजारात गहू-तांदूळ सरासरी 30 रुपये किलो धरा. 25 किलोचे होतात 750 रुपये महिन्याला, वर्षाचे 9 हजार. तुमच्या गावच्या बाजाराचा भाव वेगळा असेल, तर त्या भावाने गुणून पाहा. मजुरीवर चालणाऱ्या घरात 9 हजार रुपये म्हणजे कितीतरी दिवसांचा घाम आहे.

म्हणून आता नावांकडे येऊ, कारण खरी गळती तिथे होते. प्राधान्य गटात धान्य माणशी असतं, म्हणजे कार्डावर नाव नाही तर 5 किलो नाही. सून घरात येऊन तीन वर्षं झाली, तिचं लेकरू अंगणवाडीत जायला लागलं, आणि कार्डावर दोघांचीही नावं नाहीत, असं घर प्रत्येक गल्लीत सापडेल. दोन नावं म्हणजे महिन्याला 10 किलो, वर्षाला 120 किलो. सव्वा क्विंटलच्या जवळपास धान्य नुसतं एका अर्जापायी राहून जातं.

सुनेचं नाव वाढवायचं तर आधी माहेरच्या कार्डावरून ते कमी करावं लागतं. तिथल्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या. मग तो दाखला, आधार कार्ड आणि लग्नाचा दाखला जोडून सासरच्या तहसीलला अर्ज द्या. नाव वाढवायचा अर्ज नमुना 8 आणि नाव कमी करायचा नमुना 9. बाळासाठी जन्माचा दाखला लागतो. हे अर्ज ऑनलाइनही करता येतात. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती कुणी समजावून सांगत नाही. कार्डावर नाव चढणं वेगळं आणि त्या नावाचं धान्य चालू होणं वेगळं. आपल्या राज्यात या कायद्याखाली साधारण 7 कोटी लोकांनाच धान्य द्यायची मर्यादा आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवरून ठरलेली आहे. ही संख्या जिल्ह्यांना, तालुक्यांना वाटून दिली जाते. तिला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरलेला असेल तर नाव चढतं, पण धान्य सुरू होत नाही. म्हणून नाव चढल्यावर पुरवठा शाखेत दुसरा प्रश्न विचाराच: "हिचं धान्य कोणत्या महिन्यापासून चालू होणार?" घरात कुणी वारलं असेल, लेक लग्न होऊन गेली असेल, तर ती नावं वेळेवर कमी करा. ती जागा मोकळी झाली की थांबलेल्या कुणाला तरी मिळते.

कायद्यातली आणखी एक गोष्ट आपल्यासाठीच आहे. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असलं पाहिजे. त्यामुळे "मालक गावाला गेलेत, नंतर या" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या बहिणींनी स्वतंत्र कार्डासाठी अर्ज करावा. कमाईचा भरवसा नसलेलं विधवेचं घर, अपंग माणसाचं घर किंवा साठीपुढच्या निराधार माणसाचं घर अंत्योदयसाठी पात्र ठरू शकतं. एकटीला प्राधान्य गटात 5 किलो आणि अंत्योदयात 35 किलो, इतका फरक आहे.

आता दुकानात जाऊ. तिथे ई-पॉस मशीन असतं. कार्डाचा बारा अंकी नंबर टाकतात, घरातल्यांची नावं दिसतात, अंगठा लावला की पावती निघते. ती पावती हातात घ्या. त्यावर किती किलो लिहिलंय आणि काट्यावर किती आलंय, ते ताडून बघा. काटा आधी शून्यावर आहे ना, आणि पोत्याचं किंवा डब्याचं वजन धान्यात धरलं नाही ना, हेही बघा. धान्याबरोबर साबण, चहापत्ती किंवा मीठ घेतलंच पाहिजे, अशी सक्ती दुकानदाराला करता येत नाही.

भांडी घासून, ऊस तोडून, विटा उचलून आपल्या अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघा. घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. आधारला फोन जोडलेला असेल तर त्यावर आलेल्या नंबरानेही काम होतं. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने 2017 सालीच राज्यांना दिली आहे. तेव्हा "मशीन घेत नाही" हे शेवटचं उत्तर नव्हे.

हल्ली ई-केवायसीचीही धावपळ चालू आहे. ती म्हणजे कार्डावरचं प्रत्येक माणूस खरंच आहे ना, याची आधारवरून खात्री. प्रत्येकाने दुकानात जाऊन अंगठा लावायचा, त्याला पैसे लागत नाहीत. मुलांच्या बोटांचे ठसे वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी आधार केंद्रात नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असतील तर मुलांची केवायसी अडते. केवायसी झाली नाही म्हणून एखादं नाव बंद पडलं, तर ते चालू करून घ्यायला पुन्हा तहसीलच्या चकरा, म्हणून हे काम आधीच उरकून टाका.

कारखान्यावर जाणाऱ्या बहिणींनो, हे तुमच्यासाठी. दिवाळी झाली की सहा-सहा महिने कोयता घेऊन आपण बाहेर असतो आणि गावातलं धान्य तसंच राहतं. आता तसं व्हायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड ही सोय ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र, गुजरात, आंध्र आणि तेलंगणात सुरू झाली आणि आता सगळ्या देशात आहे. सांगली-कोल्हापूरला असा की कर्नाटकात, जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर सांगून, अंगठा लावून धान्य घेता येतं. घरचं कार्ड सोबत न्यावं लागत नाही, नंबर पाठ असला तरी पुरे. सगळं धान्य एकाच ठिकाणी घ्यायचंही बंधन नाही. काही तुम्ही फडावर घ्या, उरलेलं गावाकडे म्हाताऱ्या माणसांना घेऊ द्या. दोन्ही मिळून महिन्याच्या हक्काइतकं झालं म्हणजे झालं.

मराठवाड्यातले 8 जिल्हे, अमरावती विभागातले 5 आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी घरांचा प्रकार वेगळा आहे. त्यांना 2015 पासून माणशी 5 किलो धान्य स्वस्तात मिळत होतं. 2023 पासून त्याऐवजी बँकेत पैसे येऊ लागले. सुरुवातीला माणशी 150 रुपये होते, पुढे ते 170 झाले. पाच माणसांचे 850 रुपये होतात. हे पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येतात. यात हिशेबाची गोष्ट अशी: 170 ला 5 ने भागलं तर 34 रुपये किलो. बाजारात धान्य 34 च्या आत मिळालं तर 5 किलो पुरतं, भाव वर गेला की तेवढं पोत्यात कमी भरतं. धान्य पोत्यात दिसतं, पैसे मात्र खात्यात इतर पैशांत मिसळून जातात. म्हणून दर महिन्याला पासबुक भरून घ्या. पैसे आले की आधी धान्य भरा, मग बाकीचं.

पण रेशनने सगळा किराणा होत नाही. डाळ, तेल, मीठ-मिरची आपल्यालाच आणावी लागते. 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा म्हणून 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळालं, पण तो सणासुदीचा शिधा, त्यावर महिना निघत नाही. आमचं सांगणं इतकंच, की रेशनमुळे वाचलेले पैसे कुठे जातात ते बघा. 750 रुपये वाचले, तर त्यातून आधी डाळ आणि तेल आणा. नुसत्या भात-भाकरीने पोट भरतं, पण पोरांची वाढ आणि पोटुशी बाईचं रक्त डाळीवाचून होत नाही.

तांदूळ जास्त येतो म्हणून काही जणी तो दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला दहा-पंधरा रुपयांनी देऊन टाकतात. तसं करू नका. रेशनचं धान्य विकणं गुन्ह्यात मोडतं आणि पुढच्या आठवड्यात तोच तांदूळ आपण दुप्पट-तिप्पट भावाने आणतो. त्याचं पीठ करा, घावन घाला, उन्हाळ्यात सालपापड्या करा.

या तांदळात मधूनच वेगळे दिसणारे, जरा पिवळट दाणे सापडतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी 12 जीवनसत्त्व मिसळून ते दाणे बनवतात आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक घालतात. रक्त कमी असलेल्या बायकांसाठीच ते आहेत. फेकू नका. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि धान्य कमी दिलं, दिलंच नाही, तर? आधी पावती जपून ठेवा. मग तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या, एका प्रतीवर पोच घ्या. फोन करायचा तर 1967 किंवा 1800-22-4950, दोन्हीला पैसे पडत नाहीत. गावातल्या दक्षता समितीत बायकांना जागा दिलीच पाहिजे, असं कायदा म्हणतो. आपल्या गावच्या समितीत कोण बायका आहेत, ते ग्रामसभेत विचारा. एकटीने जायला भीती वाटत असेल तर बचत गटातल्या चौघी मिळून जा. 1972 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्याला लाटणंही लागणार नाही, एक पावती आणि एक अर्ज पुरेल.

फुकट मिळतंय म्हणून मान खाली घालून उभं राहायचं कारण नाही. हे धान्य कायद्याने आपलं आहे. तेव्हा जेवणं झाली की कार्ड बाहेर काढा. तीनच गोष्टी बघा: शिक्का कोणता, नावं किती, आणि मागच्या महिन्यात किती किलो आलं. नावं गुणिले पाच यांचा मेळ बसला नाही, तर सोमवारी तहसीलला चला.