ख्रिस्ती सर्वस्वत्याग
ख्रिस्ती सर्वस्वत्याग : ईश्वरनिष्ठेला कुटुंब व मालमत्ता यांहून वरचे स्थान देण्याविषयीची ख्रिस्ती धर्मातील शिकवण व तदनुसार होणारे आचरण. तिचे सर्वांत कठोर रूप लूककृत शुभवर्तमानात आढळते (१४ : २६–३३). आईबाप, पत्नी, मुले, भावंडे, किंबहुना स्वतःचा जीव यांचाही ‘द्वेष’ केल्यावाचून शिष्य होता येत नाही, असे येशू तेथे सांगतो. हिब्रू शब्दप्रयोगात ‘द्वेष करणे’ याचा अर्थ ‘दुय्यम लेखणे’ असाही होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात लेआच्या संदर्भात तो तसा आला आहे (२९ : ३०, ३१). मत्तयाने हीच शिकवण अधिक-उण्या प्रीतीच्या भाषेत मांडली आहे (१० : ३७).

तथापि या शिकवणीने घरची जबाबदारी झटकण्याची मुभा मिळत नाही. जे द्रव्य आईबापांच्या उपयोगी पडले असते, ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले आहे, असे सांगून त्यांना मदत नाकारणाऱ्यांचा येशूने कडक निषेध केला (मार्क ७ : ९–१३). या दोन वचनांचा मेळ घालणे पुढील पिढ्यांना सोपे गेले नाही.

अथानेशियसने लिहिलेल्या ईजिप्तमधील संत अँटनीच्या (सु. २५१–३५६) चरित्रात ही अडचण स्पष्ट दिसते. आईबाप वारल्यावर काही महिन्यांनी धनिक तरुणाची कथा चर्चमध्ये ऐकून अँटनीने वडिलार्जित जमीन गावकऱ्यांना दिली व बरीचशी चीजवस्तू विकून पैसा गरिबांना वाटला. धाकट्या बहिणीसाठी मात्र थोडे राखून ठेवले. पुढे उद्याची चिंता न करण्याविषयीचे वचन कानी पडताच तेही वाटून टाकले आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन केले. तिची इच्छा काय होती, हे चरित्रकार सांगत नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याआधीच संपत्तीपेक्षा आसक्ती सोडण्यावर भर दिला होता; श्रीमंतांना तो अर्थ सोयीचा होता, हेही खरे. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) मठवासी व्रतांचे श्रेष्ठत्व नाकारून संसारातील कर्तव्यांनाच ईश्वरसेवा मानले.

त्यागाच्या कथा बहुधा त्याग करणाऱ्याच्या बाजूने लिहिल्या जातात. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे हा त्याला ठळक अपवाद होय. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर वाट्याला आलेली ताटातूट त्यांनी तीत कडवटपणा न आणता वर्णिली आहे. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.