पडद्यामागचा फुटबॉल

दादासाहेब फाळके यांनी नाशिकला बिऱ्हाड हलविल्यावर, १९१७ साली, चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा लघुपट काढून पडद्यामागील श्रमांचे दर्शन घडविले. त्याच कुतूहलाचा विस्तार आज फुटबॉल संघांवरील मालिकांत दिसतो.

इंग्लंडमधील संडरलंड संघाच्या चाहत्यांनीच निर्मिलेली ‘संडरलंड टिल आय डाय’ ही मालिका डिसेंबर २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर आली. २०१७-१८च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये पुनरागमनाची आशा बाळगणारा संघ लागोपाठ दुसऱ्यांदा खालच्या श्रेणीत गेला, तेव्हा दफ्तरातील जमाखर्चापेक्षा, चर्चमध्ये संघासाठी प्रार्थना करणारे नगरवासीच मालिकेचे खरे नायक ठरले. पराभवातही अढळ राहणाऱ्या निष्ठेची अशी प्रामाणिक नोंद, हेच या मालिकेचे खरे मोल होय.