बुरशी धुतली, विष राहिले

एकोडीकडच्या धानपट्ट्यात ऐन कापणीत पाऊस आला की कडपा भिजतात. घरातले शेंगदाणे, मका, लाल मिरची आणि गाईसाठी आणलेली ढेप यांनाही दमट हवा लागते. धानापेक्षा या वस्तूंना बुरशीचा धोका जास्त. थोडी बुरशी दिसली की आपण धुऊन उन्हात घालतो. फारच वास येत असेल तर गाई-शेळ्यांपुढे टाकतो. अन्न वाया जाऊ नये ही नियत चांगलीच आहे. पण त्याच गाईचे दूध संध्याकाळी मुलांच्या पेल्यात येते.

अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते, आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. धुतल्याने बुरशी निघते, दाण्यात मुरलेले विष निघत नाही. शिजवून, भाजूनही ते पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ लोकांना कावीळ झाली, १०६ दगावले. गावातली कुत्रीही आजारी पडली होती.

जनावराने खाल्लेल्या विषाचा काही अंश एम-१ या रूपात दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो नाहीसा होत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२; एम-१ मर्यादेबाहेर असलेले ३६८! मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. आपण मात्र दूधवाल्याच्या पाण्यावरच भांडतो.

इतके सूक्ष्म विष जिभेला किंवा नाकाला कळत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी आहे. कुलपाला त्याचीच किल्ली बसते, तसे हे प्रतिपिंड अफ्लाटॉक्सिनलाच चिकटतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने याच तत्त्वावर शेंगदाण्यासाठी स्वस्त चाचणी तयार केली. पट्टीवरची चाचणी तर काही मिनिटांत होते. फक्त ती वाचायची उलटी. पट्टीवर आधीच थोडे विष बसवलेले असते. नमुना स्वच्छ असेल तर रंगीत प्रतिपिंड तिथे चिकटून रेघ उमटते. नमुन्यात विष असेल तर प्रतिपिंड आधीच गुंततात, रेघ उमटत नाही. म्हणजे दोन रेघा दिसल्या तर माल मर्यादेच्या आत, आणि फक्त खात्रीचीच एक रेघ दिसली तर माल दूषित. गरोदरपणाच्या पट्टीची सवय असलेल्या बायकांनी हे नीट लक्षात ठेवावे.

नमुना कसा घेतला यावरही सारे अवलंबून असते. हजार दाण्यांत दोनच विषारी असू शकतात. म्हणून पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे घेऊन सगळे एकत्र दळावे लागतात.

घरोघरी पट्टी येणार नाही. दूध संकलन केंद्राला आणि ढेप विकणाऱ्याला मात्र ही तपासणी होते का, हे विचारता येते. घरात शेंगा ताडपत्रीवर खडखडीत वाळवाव्यात. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून काढावेत. शीरखुर्म्याच्या पिस्त्यांचेही तसेच. निवडून काढलेले गाईला, शेळीला, कोंबड्यांना घालू नये, खड्ड्यात पुरावे.