चाळिशीनंतरची दुसरी पदवी : पैशाचं गणित

आज एक उदाहरण घेऊन बोलू. वय ४२, बी.कॉम. झालेलं, महिन्याला ३०,००० रुपये पगार. आता एलएल.बी. करायचं आहे. तीन वर्षं, वर्षाला एक लाख शुल्क असं धरू. खर्च किती? बहुतेक जण म्हणतात, तीन लाख. पण नोकरी सोडली, तर तीन वर्षांचा बुडालेला पगार होतो १० लाख ८० हजार. म्हणजे खरा खर्च शुल्काचा नाही, पगाराचा आहे. म्हणून पहिला प्रश्न कर्जाचा नव्हे, वेळापत्रकाचा.

इथे अभ्यासक्रम बघून ठरवावं लागतं. एम.ए., एम.कॉम. असेल तर इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून, कमी शुल्कात होतं. वकिलीचं तसं नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वर्गात ७० टक्के हजेरी लागते. तेव्हा सकाळचे वर्ग कुठे आहेत, ते प्रवेशाआधी विचारा.

आता कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. सहकर्जदार मात्र लागतो. विवाहित माणसाच्या बाबतीत तो बहुधा नवरा किंवा बायको. म्हणजे हा निर्णय एकट्याचा राहत नाही. काही बँका वयाची अटही घालतात, तेही आधी विचारून घ्या.

हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. पण लक्षात घ्या, हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दर १० टक्के, सरळ व्याज आणि दरवर्षी एक लाख उचल धरली, तर चार वर्षांत ९०,००० रुपये व्याज साठतं. मग ३ लाख ९० हजारांवर सात वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ६,५००. तेच व्याज शिकत असतानाच भरलं, पहिल्या वर्षी महिन्याला ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, पुढे २,५००, तर हप्ता येतो ५,००० च्या आसपास. पगार चालू असलेल्या माणसाला हे जमतं. विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा तुमच्या हातात जास्तीचं आहे ते हेच.

करसवलतीचं काय? ८०सी खाली मुलांच्या शुल्काची वजावट मिळते, स्वतःच्या शुल्काची नाही. ८०ई म्हणून आपण जी ओळखतो, ती सवलत मात्र स्वतःच्या शिक्षणासाठीही आहे. तिच्यात फक्त व्याज धरतात, पण त्याला कमाल मर्यादा नाही. व्याज भरायला लागलात त्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षं ती मिळते, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच. भावाकडून किंवा मित्राकडून उसने घेतलेत, तर ती मिळत नाही.

शेवटचा मुद्दा वयाचा. ४२ ला सुरुवात, ४६ ला पहिला हप्ता, ५३ ला शेवटचा. त्याच काळात मुलांची कॉलेजं येतात, आईवडिलांची दुखणी येतात. म्हणून आपल्या वयाची ही वर्षं आणि घरातले ठरलेले खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. दोन्ही रकाने जुळले, तर बँकेत जा. नाही जुळले, तर एक वर्ष थांबून पहिल्या वर्षाचं शुल्क साठवा. पदवी वर्षभराने मिळाली तरी चालते. फेडीची वर्षं मात्र वाढवून मिळत नाहीत.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.