थांब आणि पेट घे

१९७०च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले तेव्हा प्रोग्राम लिहायचा म्हणजे तीन-चार अक्षरी आज्ञांशी दिवसभर झटायचं. आपल्याकडे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ज्यांनी ८०८५च्या किटवर बोटं झिजवली, त्यांना एमव्हीआय, एलएक्सआय, एचएलटी आजही तोंडपाठ असतील. इंटेलची ही नावं कामापुरती. इतर काही नावांमागे मात्र हसणारी माणसं दिसतात आणि त्यांच्यामुळेच मला हा इतिहास प्रिय आहे.

या गमतीची मुळं जुनी आहेत. मँचेस्टरच्या १९५१च्या फेरांटी मार्क १ला ‘हूट’ अशी आज्ञा होती, म्हणजे भोंगा वाजव. क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी ती पुन्हापुन्हा चालवून सूर काढले आणि त्याच वर्षी बीबीसीने ते संगीत ध्वनिमुद्रित केलं. पुढे मेनफ्रेमच्या जमान्यात प्रोग्रामर मंडळी नसलेल्या आज्ञांच्या याद्या रचू लागली. दोन्हीकडे उडी मार, प्रोग्रामरच्या मनातलं वाच, थांब आणि पेट घे. ही शेवटची ‘हॉल्ट अँड कॅच फायर’, म्हणजे एचसीएफ. ती एका चिपमध्ये खरोखरच सापडली.

ती चिप मोटोरोलाची ६८००, साल १९७४. आठ बिटांत २५६ संकेत बसतात. कंपनीने त्यांतले १९७च वैध म्हणून सांगितले होते. उरलेले ५९ दिले तर काय होतं, हे जेरी व्हीलर यांनी तपासलं आणि डिसेंबर १९७७च्या ‘बाइट’ मासिकात छापलं. ९डी किंवा डीडी हा हेक्साडेसिमल संकेत दिला की प्रोसेसर पुढची आज्ञा घेईनासा होई. ॲड्रेस बस नुसती मोजत सुटे, सगळी मेमरी ओळीने भराभर वाचली जाई आणि वाचलेल्याचा उपयोग शून्य. रीसेटशिवाय सुटका नाही. व्हीलर यांनी याला एचसीएफ म्हटलं. आग कुठे लागत नव्हती, उलट चिप तपासायला ही मोठी सोय होती. ऑसिलोस्कोप लावला की प्रत्येक ॲड्रेस लाइनवर चौकोनी लहर दिसणार, वरच्या प्रत्येक लाइनवर आधीच्या निम्म्या गतीची. एखादी लाइन मेलेली असेल तर तिथल्या तिथे कळणार. पुढे ६८एचसी११मध्ये मोटोरोलाने हीच सोय अधिकृतपणे दिली, फक्त टेस्ट मोडमध्ये चालणारी, आणि नाव ठेवलं ‘टेस्ट’. लोकांच्या तोंडी राहिलं ते एचसीएफच. २०१४मध्ये त्या नावाची दूरचित्रवाणी मालिकासुद्धा आली.

मोटोरोलाच्याच ६८०९मध्ये ‘सेक्स’ होती, साइन एक्स्टेंडचं लघुरूप. आठ बिटांतला उणे पाच, म्हणजे एफबी, सोळा बिटांत न्यायचा तर चिन्ह टिकवून एफएफएफबी करावा लागतो, तेवढंच तिचं काम. पाठोपाठच्या ६८०००मध्ये त्याच कामाला ‘ईएक्सटी’ हे सभ्य नाव मिळालं. आरसीएच्या १८०२मध्येही ‘सेक्स’ होती, पण तिचा अर्थ ‘सेट एक्स’. जोडीला ‘सेट पी’ची एसईपी. ही चिप गॅलिलिओ यानातून थेट गुरूपर्यंत गेली.

माझ्या मते या सगळ्यांत सरस नाव पॉवरपीसीचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी मिळून काढलेल्या या प्रोसेसरमध्ये ‘ई-आय-ई-आय-ओ’ अशी आज्ञा आहे. म्हाताऱ्या मॅकडोनाल्डच्या शेताचं बालगीत आपली बालवर्गातली मुलंही म्हणतात, त्याचंच हे धृपद. पूर्ण रूप ‘एन्फोर्स इन-ऑर्डर एक्झिक्युशन ऑफ आय-ओ’. वेगासाठी प्रोसेसर मेमरीतली वाचनं-लेखनं पुढेमागे करतो. पण डिस्कला आधी पत्ता द्यायचा आणि मग ‘सुरू कर’ म्हणायचं असेल, तर क्रम उलटून चालत नाही. तो क्रम ही आज्ञा राखते. गंमत साधताना अर्थाचं एक अक्षरही वाकवावं लागलेलं नाही, म्हणून मी तिला पहिला नंबर देतो. लिनक्सच्या पॉवरपीसीसाठीच्या कोडमध्ये याच नावाचं फंक्शन आहे.